पुलाखाली कोण बघतं?

नागपूरच्या कामठी रोडवर गड्डीगोदामला वाहतुकीचे चार थर एकावर एक उभे आहेत. सगळ्यांत खाली रस्ता, त्याच्या वर रेल्वेचे रूळ, रुळांवरून उड्डाणपूल आणि उड्डाणपुलाच्याही डोक्यावर मेट्रो. रेल्वेमार्ग ओलांडण्यासाठी इथे १,६५० टन वजनाचा, ८० मीटर लांबीचा पोलादी सांगाडा चढवलेला आहे. वरून मेट्रो गेली, मधून भरलेले ट्रक गेले की तो किंचित वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो. मे महिन्यात तापून लांबतो, डिसेंबरच्या पहाटे आखडतो. हे सगळं आराखड्यात धरलेलं असतं. तरी आराखड्यात धरलेलं आणि प्रत्यक्षात घडणारं यांतलं अंतर कोणीतरी वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं. त्या सांगाड्याच्या पोटाशी एखादा बोल्ट सैल झाला, तर तो सगळ्यांत आधी कोणाला दिसेल?

हा प्रश्न एकट्या गड्डीगोदामचा नाही. वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटर लांबीच्या दुमजली पुलाची गिनेस बुकात नोंद झाली ती २०२२ मध्ये. कामठी रोडवरचा दुमजली पूल त्याहून लांब, साडेपाच किलोमीटरच्या पुढे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा पूर्णपणे खुला झाला आणि त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा तुकडाही. ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन हा रस्ता ७०१ किलोमीटरचा झाला. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं, तिथून चहूकडे जाणाऱ्या अतिउच्चदाब वाहिन्या, शहराच्या पोटात दीडशे वर्षांचं अंबाझरी धरण, भोवताली कोळसा आणि मँगनीजच्या खाणी. इतक्या विविध प्रकारचं आणि इतकं जड बांधकाम एका जिल्ह्यात क्वचितच सापडेल. ते बांधणाऱ्यांचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. आता त्यापुढचं, फारसं कौतुक न मिळणारं काम आहे तपासणीचं. त्या कामात आता ड्रोन आला आहे. तो काय करू शकतो, नागपूरच्या हवेत त्याला काय काय सोसावं लागतं आणि कोणतं काम त्याच्या हातून कधीच होणार नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

हातोडी आणि कान

पूल तपासण्याची आपली पद्धत जुनी आहे आणि ती टाकाऊ मुळीच नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर अभियंता पुलावर जातो. कठडे, जॉइंट, पाणी वाहून नेणारे पाइप बघतो. मग खाली उतरून गर्डर, खांब, खांबाचा माथा आणि बेअरिंग, म्हणजे गर्डर जिच्यावर टेकतो ती बैठक, यांची पाहणी करतो. काँक्रीटचे पोपडे सुटलेत का, सळई उघडी पडली का, गंजाचे तपकिरी ओघळ आलेत का, हे डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते हातोडीने कळतं. काँक्रीटवर हलकेच ठोकलं की घट्ट जागी खणखणीत आवाज येतो, आतून थर सुटला असेल तिथे बद्द आवाज येतो. मुरलेल्या अभियंत्याचा कान यात तयार झालेला असतो.

अडचण असते पोहोचण्याची. पंचवीस मीटर उंचीवरच्या गर्डरच्या खालच्या बाजूपर्यंत जायचं कसं? त्यासाठी लांब यांत्रिक हाताची तपासणी गाडी मिळते. ती पुलावर उभी करून तिचा हात कठड्यावरून खाली वळवतात आणि त्यावरच्या पाळण्यात माणसं उभी राहतात. पण गाडीसाठी रस्त्याची एक बाजू बंद करावी लागते. खाली रेल्वे असेल तर ब्लॉक घ्यावा लागतो, विजेच्या तारांतला प्रवाह बंद करावा लागतो. मेट्रोच्या मार्गिकेवर काम करायचं तर गाड्या थांबल्यानंतरचे रात्रीचे मोजके तास मिळतात. दुसरा मार्ग परांचीचा किंवा दोराला लटकून उतरण्याचा. त्यात वेळ जातो, पैसा जातो आणि माणसाचा जीव टांगणीला लागतो. याचा परिणाम असा होतो की जिथे सहज पोहोचता येतं ते वारंवार तपासलं जातं आणि जिथे पोहोचणं कठीण ते दुर्बिणीतून पाहिलं जातं.

महाराष्ट्राला याची किंमत माहीत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन बस आणि इतर वाहनं वाहून गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. त्यानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशातल्या पुलांची एकत्र नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली. प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक आणि प्रकृतीनुसार गुणांकन, अशी ती कल्पना. सावित्रीवर नवा पूल तर १६५ दिवसांत उभा राहिला. बांधण्याचा वेग आपल्याकडे आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

अर्ध्या मिलिमीटरहून बारीक

ड्रोन या कामात नेमकं काय करतो? सर्वांत आधी तो पोहोचतो. चार किंवा सहा पंख्यांचं, काही किलो वजनाचं यंत्र गर्डरच्या खाली जाऊन स्थिर थांबतं. कॅमेरा गिंबलवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या बैठकीवर, बसवलेला असल्याने यंत्र डुललं तरी चित्र हलत नाही. पुलासाठी वापरायच्या काही ड्रोनमध्ये कॅमेरा वरच्या बाजूलाही बघू शकतो, कारण पुलाचं दुखणं बहुधा त्याच्या पोटाशी असतं.

पण जवळ जायचं म्हणजे किती? काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानकात भेगेची रुंदी साधारणपणे ०.३ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. सतत ओल असलेल्या ठिकाणी ०.२ आणि फार वाईट परिस्थितीत ०.१ मिलिमीटर. ०.३ मिलिमीटरची भेग फोटोत उमटायची, तर फोटोतला एक ठिपका प्रत्यक्षात तेवढाच किंवा त्याहून लहान भाग दाखवणारा हवा. चांगल्या प्रतीच्या कॅमेऱ्याने आणि साध्या भिंगाने हे साधायचं, तर ड्रोनला काँक्रीटपासून दोन-अडीच मीटरवर जावं लागतं. झूम भिंगाने लांबून बघता येतं, पण मग वाऱ्याची थरथर कितीतरी पटींनी मोठी दिसते. लग्नाच्या मांडवावर उंच उडणारा ड्रोन आणि पुलाखाली दोन मीटरवर थांबणारा ड्रोन ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात चुकीला जागा हातभरही नसते.

एकेक फोटो सुटा बघण्यापेक्षा शेकडो फोटो एकमेकांवर साठ-सत्तर टक्के येतील अशा बेताने काढले जातात. संगणक त्यांतून त्या बांधकामाची त्रिमिती प्रतिकृती तयार करतो. पुढच्या वर्षी त्याच मार्गाने, त्याच अंतरावरून पुन्हा उड्डाण केलं की दोन प्रतिकृती शेजारी ठेवता येतात. डॉक्टर जसे नवा एक्स-रे जुन्याशेजारी धरून बघतात, तसं. भेग आहे एवढं कळून भागत नाही. ती गेल्या वर्षी किती होती आणि यंदा किती आहे, यावर पुढचा निर्णय ठरतो.

तापलेल्या हवेत

नागपूरची अधिकृत नोंद ४७.९ अंश सेल्सिअसची आहे, मे २०१३ मधली. भर उन्हाळ्यात ४५ अंश हे इथे नवलाचं नाही. आणि तपासणीची घाई नेमकी तेव्हाच असते, कारण पावसाळ्याआधी सगळं बघून संपवायचं असतं.

तापलेली हवा विरळ होते. डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटेच्या तुलनेत मेच्या ४५ अंशांच्या दुपारी हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी घटते. तेवढंच वजन उचलून धरायला पंख्यांना साधारण पाच टक्के अधिक वेगाने फिरावं लागतं, बॅटरीतून जास्त प्रवाह खेचावा लागतो, आणि त्या प्रवाहाने मोटर, सर्किट आणि बॅटरी अजून तापतात. अनेक लहान ड्रोनसाठी कंपन्या ४० अंशांचीच मर्यादा सांगतात. कामासाठी बनवलेल्या मजबूत यंत्रांची मर्यादा ५० पर्यंत जाते. पण ही मर्यादा हवेच्या तापमानाची. उन्हात तापलेल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर ठेवलेलं यंत्र उडण्याआधीच त्याहून गरम झालेलं असतं. लिथियम बॅटरी फार तापली की फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरणं म्हणजे आगीशी खेळ. म्हणून बॅटऱ्या सावलीत, थंड पेटीत ठेवतात, उड्डाणं आखूड ठेवतात, आणि उतरलेली बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावत नाहीत. उड्डाणाची चांगली वेळ उजाडल्यापासून सकाळच्या नऊपर्यंत. त्यानंतर जमिनीवरून गरम हवेचे लोट उठू लागतात आणि पुलाच्या कडेला ड्रोन अचानक वर किंवा बाजूला ढकलला जातो.

तरी याच उन्हाचा एक उपयोगही होतो. काँक्रीटचा वरचा थर आतून सुटलेला असेल, तर त्यामागे हवेची पातळ पोकळी असते. ऊन चढू लागलं की सुटलेला भाग आजूबाजूच्या घट्ट भागापेक्षा लवकर तापतो आणि उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यात वेगळा डाग म्हणून दिसतो. हातोडीचा बद्द आवाज जे सांगतो, तेच इथे रंग सांगतो. मात्र ते वाचायला वेळेचं आणि सावलीचं भान लागतं. पुलाच्या सावलीत राहणाऱ्या पोटाला उन्हात तापणाऱ्या माथ्याचे नियम लावता येत नाहीत.

यंत्राने दाखवलेला आकडा तपासून घ्यावा लागतो, हे नागपूरने मे २०२४ मध्ये प्रत्यक्ष अनुभवलं. इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासल्यावर संवेदक बिघडलेला निघाला. इतर काही केंद्रं तेव्हा ४४ अंशांच्या आसपास दाखवत होती. थर्मल कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू आहे. चकचकीत धातूवर पडलेलं उन्हाचं प्रतिबिंब त्यात तापलेला सांधा म्हणून दिसू शकतं. एका चित्रावर विसंबून शिक्का मारायचा नसतो.

पुलाच्या पोटात

उघड्या आकाशात ड्रोन स्थिर राहतो तो उपग्रहांच्या आधारावर. पुलाखाली गेलं की डोक्यावरचं काँक्रीट ते संकेत अडवतं. काही संकेत खांबावर आपटून उशिरा पोहोचतात आणि यंत्राला आपण भलतीकडे आहोत असं वाटू लागतं. पोलादी सांगाड्याजवळ होकायंत्रही बिघडतं. अशा वेळी यंत्र आपोआप जागा धरून राहत नाही, वाऱ्याबरोबर सरकू लागतं. दोन खांबांमधून वारा दाबून वाहतो, तिथे त्याचा वेगही वाढतो. संपर्क तुटला तर आपोआप उंच जाऊन परत येण्याची सोय बहुतेक ड्रोनमध्ये असते. पण डोक्यावर पूल असताना उंच जाणं म्हणजे पुलावर आदळणं. म्हणून पुलाखाली उडण्याआधी ती सूचना बदलून ठेवावी लागते. हे विसरून चालत नाही.

नागपूरमध्ये त्यात आणखी भर पडते. मेट्रो २५ हजार व्होल्टच्या वरच्या तारेवर चालते, रेल्वेही तशीच. ड्रोन त्या तारेवर पडला तर दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प होईल. संक्रांतीच्या दिवसांत आणि त्यानंतर कितीतरी आठवडे खांबांना, तारांना, झाडांना नायलॉन मांजा लटकत असतो. त्याच्यावर बंदी आहे, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यावर वारंवार कडक शब्दांत सुनावलं आहे, तरी तो बाजारात येतो आणि दरवर्षी माणसांचे गळे कापतो. पंख्यात गुंतला तर ड्रोनही क्षणात खाली. शिवाय घारी. विणीच्या काळात घरट्याजवळ आलेल्या कोणत्याही उडत्या वस्तूवर त्या झेप घेतात.

यावर उपाय निघाले आहेत. खाली बघणारे कॅमेरे आणि लेझरचे संवेदक वापरून ड्रोन स्वतःभोवतीचा नकाशा त्याच क्षणी तयार करतो आणि उपग्रहाविना जागा धरतो. उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ मजूर अडकले, तेव्हा आतल्या अंधारात मलब्याची स्थिती बघण्यासाठी असेच ड्रोन नेले होते. दुसरा उपाय जाळीच्या गोळ्यात बसवलेल्या ड्रोनचा. तो भिंतीला धडकला तरी पंखे शाबूत राहतात. टाक्या, गटारं आणि बॉयलर यांसाठी हीच रचना सोयीची.

कोराडीची चिमणी, खसाळ्याचा बांध

कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात. त्यांतल्या एकेका बॉयलरच्या आत बहुमजली इमारत उभी राहील एवढी जागा असते, आणि भिंती म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या पाण्याच्या नळ्या. राखेच्या घासण्याने एखादी नळी पातळ होऊन फुटली की संच बंद. संच थांबवल्यावर आत परांची बांधून माणसं चढेपर्यंतच बराच वेळ जातो, आणि काम करायचं ते अंधारात, राखेच्या धुराळ्यात, जेमतेम निवलेल्या पोलादाजवळ. जाळीतला ड्रोन आधी आत पाठवून कुठे चढायचं हे ठरवता आलं, तर परांची तेवढ्याच जागी बांधावी लागते. माणूस जातोच, पण नेमक्या ठिकाणी आणि थोडा वेळ.

बाहेरची चिमणी हा आणखी वेगळा प्रश्न. ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांसाठी २७५ मीटर उंचीच्या चिमणीचा दंडक आहे. ड्रोनला विनापरवानगी उडण्याची मर्यादा मात्र ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. चिमणीचा अर्ध्याहून अधिक भाग या मर्यादेच्या वर राहतो. तो बघायचा तर वेगळी परवानगी घ्यावीच लागते.

वीजकेंद्राची सर्वांत दुर्लक्षित रचना मात्र जमिनीलगत असते, ती म्हणजे राखेचा बांध. १६ जुलै २०२२ रोजी कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध पावसात फुटला. राखेचा गाळ शेतांत, वस्तीत आणि ओढ्या-नाल्यांत पसरला. कित्येक एकर जमिनीवर आणि गावांच्या पाण्यावर त्याचा परिणाम झाला. मातीचा बांध काही खुणा आधी दाखवतो. कुठे माथा खचतो, कुठे उतारावर फुगवटा येतो, कुठे पायथ्याशी ओल झिरपते. किलोमीटरभर लांबीच्या बांधावर चालणाऱ्या माणसाला काही सेंटिमीटरचं खचणं कळत नाही. दर महिन्याला उडालेल्या ड्रोनच्या दोन उंची-नकाशांची वजाबाकी केली की ते कळतं. झिरपणारी ओल थर्मल चित्रात थंड पट्ट्यासारखी दिसते. ड्रोन ज्या कामात खऱ्या अर्थाने माणसाच्या पुढे आहे, ते हे.

वीजवाहिन्यांचंही तसंच. महावितरण दर पावसाळ्यात ग्राहकांना समजावून सांगते की उन्हाने आणि प्रवाहाने तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पावसाचे थेंब पडले की त्याला तडे जातात आणि वीज जाते. मग लाइनमन भर पावसात, रात्री, तो फुटलेला इन्सुलेटर शोधत शेताच्या बांधावरून चालत राहतो. अतिउच्चदाब मनोऱ्यावर तर चढूनच बघावं लागायचं. नागपूरचेच डॉ. नितीन राऊत ऊर्जामंत्री असताना महापारेषणने अशा वाहिन्या आणि मनोऱ्यांच्या पाहणीसाठी ड्रोन आणण्याचं जाहीर केलं. तापलेला सांधा, तडकलेली डिस्क, निसटलेली पिन, मनोऱ्यावर वेढलेली वेल, हे सगळं जमिनीवरून दिसणं कठीण आणि ड्रोनला सोपं. वाहिनीचा सांधा बघायचा तर ती चालू आणि भाराखाली असताना बघायला हवी, कारण दुखणं तेव्हाच तापतं. बंद वाहिनीवर चढून हे कळत नाही.

खाणीत तर ड्रोन कायद्यानेच आला आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचंही इथेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये बदललेल्या नियमांनुसार वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्या, अथवा ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या पट्ट्याच्या खाणमालकाला दरवर्षी पट्ट्याची आणि हद्दीबाहेरच्या १०० मीटरपर्यंतच्या भागाची ड्रोनचित्रं सादर करावी लागतात. खाणीसाठी जे बंधन घालता आलं, ते पुलासाठी आणि राखेच्या बांधासाठीही घालता येईल.

आकाशाची परवानगी

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरंच सोपं केलं. आकाशाची हिरवा, पिवळा आणि लाल अशी विभागणी झाली आणि हिरव्या भागात परवानगीची गरज उरली नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, दहावी उत्तीर्ण व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळतं. ग्रामीण तरुण-तरुणींसाठी हे दार खरोखर उघडलं आहे.

नागपूरचं आकाश मात्र गुंतागुंतीचं आहे. सोनेगावचा विमानतळ वस्तीला खेटून आहे आणि वर्धा रोडवरचा दुमजली पूल अजनी चौकाकडून त्याच्याच दिशेने जातो. वायुसेनानगरात हवाई दलाच्या देखभाल विभागाचं मुख्यालय, सीताबर्डीच्या किल्ल्यावर लष्कर, कामठीला छावणी. म्हणजे शहरातल्या सर्वांत महत्त्वाच्या पुलांजवळच परवानगीची सर्वांत जास्त गरज. सुरक्षेच्या दृष्टीने ते आवश्यकही आहे. पण पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीसाठी पूलनिहाय, वार्षिक, ठरावीक मार्गाची परवानगी एकदाच मिळाली, तर दर वेळी नव्याने कागद फिरवण्यात मे महिना निघून जाणार नाही.

फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. देशी यंत्रांची वाट महाराष्ट्राला अनोळखी नाही. मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या आयडियाफोर्जचं यंत्र 'थ्री इडियट्स' चित्रपटात सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२३ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. खुद्द नागपुरात सोलर इंडस्ट्रीजने घडवलेलं नागास्त्र-१ हे उडतं अस्त्र २०२४ मध्ये लष्कराकडे गेलं. उपग्रहचित्रं वाचणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून आहे, आणि ते व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे. यंत्र घडवणारे, चित्र वाचणारे आणि स्थापत्य शिकवणारे असे तिघेही या शहरात आहेत. ४५ अंशांत टिकणारा तपासणी ड्रोन आणि तो वापरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत नागपुरात तयार झाली, तर ती विदर्भापुरती राहणार नाही, मराठवाड्यापासून राजस्थानपर्यंत लागू पडेल.

दिसलं, वाचलं, केलं

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. १३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत कारण निघालं ते सांध्यावरच्या जोडपट्ट्यांचं. आराखड्यातच त्यांची जाडी हवी त्याच्या निम्मी धरली गेली होती, आणि त्या दिवशी पुलावर दुरुस्तीच्या साहित्याचा ढीग होता. पण चौकशीत आणखी एक गोष्ट समोर आली. २००३ मधल्या फोटोंत त्या पट्ट्या वाकलेल्या स्पष्ट दिसत होत्या. फोटो फायलीत होते. त्यांचा अर्थ कोणी लावला नव्हता.

आपल्याकडे १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तो पूल धोकादायक आहे हे प्रशासनाला माहीत होतं, तसा फलकही लावलेला होता. दोष दिसला होता, समजलाही होता. कृती झाली नव्हती.

आणि सावित्रीच्या पुलाची गोष्ट तिसरीच. जुन्या पुलांचा सर्वांत मोठा शत्रू असतो पायाभोवतीची माती खरवडून नेणारा पूर, आणि ती खरवड पाण्याखाली असते. ड्रोन तिथे पोहोचत नाही. त्यासाठी पाणबुडे, खोली मोजणारी ध्वनियंत्रं आणि उन्हाळ्यात नदी आटल्यावर पायाशी जाऊन बघणारा माणूसच हवा. काँक्रीटच्या आतल्या केबलचा गंजही ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. हातोडी, अल्ट्रासाउंडची चाचणी आणि अनुभवी कान यांची सुट्टी इतक्यात होणार नाही.

म्हणजे बांधकाम पडण्यामागे तीन प्रकारचं दुर्लक्ष असतं. एक न दिसण्याचं, दुसरं दिसूनही न वाचण्याचं आणि तिसरं वाचूनही न करण्याचं. ड्रोन यांतलं फक्त पहिलं, तेही पाण्याच्या वरचं, दूर करू शकतो. उरलेली दोन माणसांची आहेत, खात्यांची आहेत, अंदाजपत्रकाची आहेत. हजारो फोटो काढून संगणकात साठवले आणि त्यांवर बसून भेग मोजणारा अभियंता नेमलाच नाही, तर आपण मिनियापोलिसच्या फायलीचीच नक्कल करत असू. निविदेत 'ड्रोन सर्वेक्षण' असा शब्द घातल्याने पूल सुरक्षित होत नाही.

नागपूरकरांनी दुर्लक्षाचं फळ २३ सप्टेंबर २०२३ रोजी भोगलं आहे. पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिलं आणि नाग नदीने हजारो घरांत पाणी नेलं. १८७० च्या त्या धरणाची आणि त्याच्या सांडव्यापुढच्या अडथळ्यांची चर्चा त्यानंतर न्यायालयापर्यंत गेली. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला आहे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे. कायद्याची कमतरता नाही. तपासणीत काय दिसलं आणि त्यावर काय केलं, हे नागरिकाला सहज कळत नाही, ही खरी उणीव आहे.

म्हणून काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडायला हव्यात. नागपूरचे दुमजली पूल आणि मेट्रोची मार्गिका अजून नव्या आहेत. त्यांची धडधाकट स्थितीतली संपूर्ण ड्रोननोंद आत्ताच करून ठेवावी, कारण तीस वर्षांनी तुलना करायला आजचीच नोंद लागेल. राखेच्या बांधांवर पावसाळ्यात दर महिन्याला उड्डाण व्हावं. प्रत्येक तपासणीच्या अंदाजपत्रकात उडवण्याइतकाच पैसा चित्रं वाचण्यासाठी आणि त्याहून अधिक दुरुस्तीसाठी असावा. रणरणत्या उन्हात काम करणाऱ्या पायलट आणि मदतनिसांसाठी सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी करारातच लिहिलेली असावी. आणि प्रत्येक पुलाचा तपासणी अहवाल, त्यातल्या दोषांची यादी आणि दुरुस्तीची तारीख मराठीत, संकेतस्थळावर, कोणालाही वाचता येईल अशी ठेवावी.

हे आपोआप होणार नाही. तुमच्या गावातून, वस्तीतून, मुलांच्या शाळेच्या वाटेवरून जो पूल जातो, त्याची शेवटची तपासणी कधी झाली, तीत काय आढळलं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं, हे तीन प्रश्न माहिती अधिकाराच्या एका अर्जात मावतात. येत्या पावसाळ्याआधी तो अर्ज करा.